झोपलेल्या लेकरांची सुगी

शाळू काढणीला आला की माझे तळहात खाजायला लागतात. हाताला आता काम नाही, रानात जायचं म्हटलं तर दोघांनी धरून न्यावं लागतं, पण माघ उतरणीला लागला, वारं कोरडं झालं आणि पानांची सळसळ खरखरीत झाली की हातांना कुणी सांगावं लागत नाही. आमच्याकडं शाळूची ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वाकायचं, दोन-तीन धाटं मुठीत धरायची, कंबरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची आणि पुढं सरकायचं. आधी तळहाताला फोड येतात, मग ते फुटतात, मग त्यांचे घट्टे होतात. माझे घट्टे कधीच गेले. खाज तेवढी राहिली.

यंदा घरात तान्हं लेकरू आहे, माझ्या नातसुनेचं. दिवसा झोपायचं म्हणून नाव घेत नाही. मांडीवर डोळे मिटतं आणि खाली ठेवलं की टक्क उघडतं. पोरगी पार रडकुंडीला आली आहे. परवा शेजारची एक जण आली, लेकराकडं बघितलं आणि मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बायका चार-चार लेकरं सांभाळून शेतात राबायच्या. तुमची लेकरं कशी गुमान झोपायची, ते सांगा की हिला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, तू आधी घरी जा." ती बिचारी चहा न घेता गेली. नातसून माझ्यावर फुगली. नातू म्हणाला, "आज्जे, तिनं काय वाईट विचारलं?" वाईट नाहीच विचारलं. म्हणूनच तर राग आला. त्याला म्हटलं, बस माझ्यापाशी, सांगते ते लिहून घे. मी बोलते तसं लिही म्हटलं तर मधे मधे शाळेतलं मराठी घालतो. घालू दे. गोष्ट माझीच आहे.

लेकराची झोप मला लांबून कळते. पोट भरून झोपलेलं लेकरू कसं असतं, तर त्याच्या मानेला घाम असतो, मुठी आधी आवळलेल्या असतात आणि मग एकेक बोट सुटत जातं. मधेच ओठ चोखल्यासारखे हलतात. मधेच हसतं. सटवाई हसवते, असं आम्ही म्हणायचो, आणि मधेच ओठ काढला की सटवाई रडवते म्हणायचो. कूस बदलतं, कुंथतं, हात उडवतं. खऱ्या झोपेत लेकरू गप नसतंच. त्याचं आत काही ना काही चाललेलं असतं. त्याला निजवायला लागतं तरी काय? अंगाला कोमट तेल, उनउनीत पाणी, ओव्याची धुरी, पोटभर दूध, धुतलेल्या जुन्या लुगड्याची झोळी आणि कुणाचा तरी हात. यातलं तेल, पाणी, धुरी, झोळी आमच्याकडं सगळं होतं. हात नव्हता. हात शाळू उपटायला गेलेला असायचा.

त्या साली मी पहिलटकरीण होते. निजामाचं राज्य होतं, आमचं गाव धारूरच्या घाटाखाली, रानातून मान वर केली की किल्ल्याचा तट दिसायचा. आदल्या वर्षी गाठीचा ताप, प्लेग, येऊन गेला होता. त्यानं गावातल्या म्हाताऱ्या वेचून नेल्या, त्यात माझी सासूही गेली. घरात म्हातारं माणूस म्हणजे एक बप्पा उरले, माझे चुलत सासरे, तेही गुडघ्यानं अधू. म्हणजे लेकरं घरी ठेवायची तर कुणापाशी? आमच्या घरात तान्ही दोन. माझी यमी, सहा महिन्यांची. आणि माझ्या थोरल्या जावेचा भिक्या, यमीपेक्षा महिनाभरानं मोठा. जावेला मी अक्का म्हणायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. देवापाशी पदर पसरून मागून घेतला म्हणून नाव भिक्या ठेवलेलं. त्याला ती दृष्ट लागेल म्हणून नीट नावानं हाकसुद्धा मारायची नाही, "ए काळ्या" म्हणायची, आणि तो गोरापान होता.

आमचं रान उरकलं की आम्ही गावातल्या बायका देशमुखाच्या रानात जायचो. ते रान असं पसरलेलं की पात, म्हणजे आपापली ओळ, धरली की पलीकडचा बांध दिसायचा नाही. बांधावर एक मोठा कडुलिंब होता. सकाळी जाऊन आधी लिंबाला झोळ्या बांधायच्या. सात-आठ झोळ्या, कुणाची हिरवी, कुणाची विटकी लाल. मग त्या झोळ्यांकडं पाठ करून वाकायचं. पात पुढं जाईल तसा लिंब मागं पडत जायचा.

आणि लेकरं झोपायची. कावून, म्हणजे का झोपायची, ते आता सांगते. अफू द्यायचो.

आता हे नाव काढलं की माणसं तोंडाकडं बघतात. तेव्हा घराघरात होती, मीठ-मिरचीसारखी. कुंकवाच्या करंड्याशेजारी कोनाड्यात छोटी डबी. दुखण्याला, खोकल्याला, जुलाबाला, आणि लेकरांना. निघायच्या आधी मोहरीएवढी गोळी करायची, बोटावर दुधाचा थेंब घ्यायचा, त्यात विरघळवायची आणि बोट चाटवायचं. लेकरू तोंड वाकडं करायचं, कारण कडू. मग पदराखाली घ्यायचं. मला माझ्या आईनं दिली, तिला तिच्या आईनं. देत नाही अशी बाई आळशी किंवा शिष्ट. माझ्या आईनं सासरी पाठवताना अंगडं, टोपडं, वाळे दिले आणि ती डबीही दिली. तिचं प्रेम होतं त्यात, हे मी आजही म्हणते.

अफूचं दुकान बाजाराच्या गावाला होतं. सरकारकडून ज्यानं गुत्ता घेतला तो गुत्तेदार ती विकायचा. जुना गुत्तेदार एक नंबरचा लबाड. अफूत गूळ घाल, काथ घाल, कसली राख घाल. बप्पा त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. गुडघ्याच्या दुखण्यापायी ते रोज अफू घ्यायचे, त्यांना चव कळायची. "भाड्या गुळाचा चिखल इकतो," म्हणायचे, "दोन गोळ्या खाल्ल्या तरी गुडघं बोंबलतंयच." त्या वर्षी दिवाळीनंतर कधीतरी गुत्ता बदलला. जुनी डबी संपेपर्यंत आम्हा बायकांना त्याचा पत्ता नव्हता. सुगीच्या तोंडावर नवी अफू घरात आली. काळी, चिकट, उग्र वासाची. जो तो म्हणू लागला, हा गुत्तेदार देवमाणूस आहे. माप पुरतं, माल चोख.

आम्ही गोळी तेवढीच करत राहिलो. मोहरीएवढी. हाताला सवय होती, डोळे मिटूनही तेवढीच झाली असती.

त्या सुगीतली पहिली आठवण शांततेची आहे. इतर सालात कसं असायचं, ऊन वर आलं की लिंबाकडून एकतरी किंकाळी यायची, मग दुसरं जागं व्हायचं, मग कुणीतरी कंबर धरत, लुगडं सावरत पळायचं. देशमुखाचा मुकादम वैतागायचा. या साली काहीच नाही. रानात फक्त धाटं उपटल्याचा कर्र आवाज आणि वर भोरड्यांचा थवा. आम्हाला काय सुख वाटलं म्हणून सांगू. एकीमेकीला म्हणायचो, यंदा लेकरं गुणी निघाली. मुकादम खूश, आम्ही खूश. भाकरी खायला बसलो की झोळीत डोकावायचो आणि झोपलंय ना, झोपू दे म्हणून परत फिरायचो. झोपलेल्या लेकराला उठवू नये, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण छातीला कळत होतं. दुपारी दूध दाटायचं. लेकरू उठायच्या वेळेला दूध उतरायचं आणि प्यायला कुणी नाही. चोळी ओली व्हायची, दगडासारखे गोळे व्हायचे, वाकलं की कळ जायची. आम्ही बांधाआड जाऊन पिळून टाकायचो. ढेकळांवर दूध पडायचं, माती पिऊन टाकायची, मुंग्या यायच्या. मला आठवतं, अक्का एकदा पिळता पिळता हसली आणि म्हणाली, "भिक्याचं भूक मारायचं वय न्हाई, पर त्येला झोपच लई प्यारी." त्या झोपेत यमी हसत नव्हती. हे मी बघितलं होतं. घाम नव्हता, ओठ हलत नव्हते. बघितलं आणि बरंच वाटलं, की चला, सटवाईनंही पाठ सोडली.

भिक्या गेला तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. उन्हं कलली, आम्ही झोळ्या सोडायला गेलो. अक्कानं त्याला उचललं, खांद्यावर टाकलं आणि माझ्याशी बोलत चालायला लागली. संध्याकाळच्या कालवणाचं काहीतरी बोलत होती, घरात वांगी आहेत का, असं. बरंच चालली. मग थांबली आणि म्हणाली, "गोदे, बग गं, ह्यो गार कावून लागतोय?"

मी हात लावला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली बसली, वाटेतच.

लोक म्हणाले, डबा झाला. तेव्हा तान्ह्या लेकराला श्वास कोंडून काही झालं की डबाच म्हणायचे, पोट उडतं, छाती भरते, लेकरू जातं. कुणी म्हणालं नजर लागली, गोरं होतं ना. ओढ्याच्या काठी पुरलं. सुतक फिटलं आणि अक्का रानात आली, कारण शाळू थांबत नाही, दाणा गळायला लागतो. तिनं माझ्या शेजारची पात धरली. तिची चोळी ओलीच होती. दुधाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मी यमीला गोळी देतच होते. यात कसलं शहाणपण नि कसला वेडेपणा? माझ्या डोळ्यासमोर लेकरू गेलं होतं ते डब्यानं. झोपेनं कुणी मरतं हे आमच्या गावीही नव्हतं. उलट मला वाटलं, यमी झोपते आहे तेच बरं, रडली असती तर अक्काला ऐकवलं नसतं.

बप्पांना दुपारची भाकरी द्यायला मी घरी यायची. गावाच्या कडेचंच रान, लांब नव्हतं. त्या दिवशी आले तर बप्पा ओट्यावर पाय पसरून बसलेले, तोंडावर हसू. मी पदर डोक्यावर ओढला, ताट ठेवलं. म्हटलं, "गुडघं बरं दिसतंय, बप्पा."

"बरं म्हंजी, लईच बरं," ते म्हणाले. "ह्यो नवा गुत्तेदार, गोदे, खरा माणूस. आदी दोन गोळ्या लागायच्या आन् भागायचं न्हाई. आता अर्ध्या गोळीत भागतंय. पैल्या दिशी म्या सवयीनं दोन घेतल्या, तर सांजपस्तोर उठलोच न्हाई. मेलोच म्हणलं. तवापस्नं अर्धीच घेतो."

ते बोलत होते आणि भाकरी मोडत होते. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना आपल्या गुडघ्यांचं कौतुक होतं. मी उभी होते. माझ्या कानात ते शब्द एकदा गेले आणि मग पुन्हा गेले. गडी माणूस, उभा आडवा, त्यानं दोनाची अर्धी केली. आम्ही लेकरांची मोहरी तेवढीच ठेवली.

पाणी ठेवायचं राहिलं. मी पळाले. पायात काही नव्हतं, वाटेतले काटे पायात घुसत होते, ते मागाहून अक्कानं काढले. बायका पातीवरून उठून बघायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "गोदे, कावून पळतीस गं, साप निगाला का?" मी म्हणत होते, उठवा, उठवा लेकरं, पण तोंडातून शब्द निघत होते का नाही कोण जाणे.

यमी झोळीत होती. ओठ निळसर. श्वास यायचा, मग वाट बघायला लावायचा, मग यायचा. पापणी वर केली तर डोळ्याची बाहुली म्हणजे नुसतं बारीक टिंब. मी तिला हलवली, तिची मान कुठंही पडली. मी तिला जन्म दिला होता, तेल लावलं होतं, झोपवलं होतं. उठवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. मी तिला छातीशी धरून नुसती हेलकावत होते. म्हणजे बघा, झोपवतच होते.

अक्कानं ती माझ्या हातातून ओढून घेतली. तिला मी धड काही सांगितलं नव्हतं. "अफू," म्हटलं, "अफू जास्ती हाय." एवढंच. तिनं यमीला उताणी हातावर घेतली आणि तळव्यांवर चापट्या मारायला लागली. बारीक नाही, चांगल्या सणसणीत. घागरीतलं पाणी तोंडावर मारलं. भाकरीसोबतचा कांदा ढेकळावर फोडून नाकाशी धरला. कान ओढले, गाल चिमटले. मला म्हणाली, "नाव घेऊन वरड." मी ओरडले. बाकीच्या बायका आपापल्या झोळ्यांकडं धावल्या. कुणी परात बडवायला लागलं, कुणी लेकराला पायाशी धरून उलटं केलं. मुकादम पातीच्या टोकाला उभा राहून काय चाललंय म्हणून विचारत होता आणि त्याला कुणी जबाब देत नव्हतं.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. सावली लिंबाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आली होती. यमी मधेच डोळे किलकिले करायची आणि पुन्हा बुडायची, अक्का पुन्हा मारायची. माझ्या लेकीच्या पायाचे तळवे लालभडक झाले होते आणि मी मनात म्हणत होते, अजून मार, अक्का, अजून मार. मग एकदा यमीनं तोंड वाकडं केलं, ओठ काढला आणि रडली. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. मग मोठा. मग चांगलं टाहो फोडून. जन्मली तेव्हाही मी तिचं रडणं इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

ती रडली तशी अक्काच्या चोळीवर ओल पसरली. अक्कानं खाली बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. ती लिंबाखाली बसली, चोळीची गाठ सोडली आणि यमीला घेतलं. यमी प्यायची, पिता पिता ग्लानी यायची, अक्का तिच्या गालावर टिचकी मारायची, ती पुन्हा ओढायची. नंतर अक्का मान वर न करता म्हणाली, "म्हंजी भिक्याला बी असं मारलं असतं तर रडला असता का गं?"

मी म्हटलं, "न्हाई, अक्का. त्येला डबा झालता."

"हां," ती म्हणाली.

मग यमीला दुसऱ्या बाजूला घेत म्हणाली, "त्या दिशी सकाळी किरकिर करीत व्हता. म्हून मी जरा मोठीच दिलती."

तो गुत्तेदार वाईट नव्हता. त्यानं भेसळ केली नाही, त्याला पाप म्हणायचं का? जुना लबाड होता आणि त्याच्या लबाडीवर आमची लेकरं जगत आली होती, आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो. बप्पांचंही काही चुकलं नाही. मला चीड येते ती कशाची, तर कुणीच चुकलं नाही याची. कुणाच्या तरी झिंज्या धरता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्यांनी ऐकलं असंही नाही. काहींनी डब्या ओढ्यात टाकल्या. काहींनी गोळी अर्धी केली. खालच्या आळीतली एक म्हणाली, गोदा भ्याली आहे, डब्याच्या दुखण्याला अफूच बरी. तिचं लेकरू होळीच्या आधी गेलं, तिथंही लोक डबाच म्हणाले. मी गेले नाही त्या घरी. पाय उचलला नाही.

पण लिंबाखाली त्या दिवसानंतर जागी लेकरं होती. जागी लेकरं म्हणजे काय ते रानात वाकून काम करणाऱ्या बाईला विचारा. त्यात अफूची सवय तुटलेली. त्यांची हाडं दुखत असणार, पोटं मुरडत असणार. एक रडलं की सगळी रडायची, ऊन चढेल तसं रडणं चढायचं, घसे बसायचे आणि बसल्या घशानं रडायची. आमचे हात चालेनात. पात निम्म्यावर यायची तोवर तीनदा मागं पळावं लागायचं. तेव्हा अक्कानं पात सोडली. तिला कुणी सांगितलं नाही, तिनं कुणाला विचारलं नाही. ती लिंबाखाली राहिली, दोन्ही काखेत दोन लेकरं घेऊन फेऱ्या मारत, ज्याला भूक त्याला पाजत. दुसऱ्यांची लेकरं, सगळी रडणारी.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मुकादम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. वैतागलेला होता, त्याच्या डोक्यावर देशमुख होता. म्हणाला, "अगं बाई, ही लेकरं कावून रडतेत दिसभर? निजीव की त्येन्ला. आदी कशी गप पडायची."

आम्ही सगळ्या वाकलेल्या सरळ झालो. मला वाटलं, आता ही त्याच्या अंगावर जाते. अक्का जागची हलली नाही. काखेतली दोन्ही लेकरं भोकाड पसरून रडत होती, तिला आवाज चढवून बोलावं लागलं.

"रडू द्या," ती म्हणाली. "रडतेत तवर हायेत."

मुकादमाला काही कळलं नसावं, तो निघून गेला. अक्कानं लेकरं काखेत सावरली आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागली. एकाही लेकराला तिनं थापटलं नाही.